दूरच्या बर्फाळ दरीत स्की टूरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना स्की चालवता येतं पण लिफ्ट सोडून कधी गेलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिलंय. वळायचं कसं, थांबायचं कसं हे यात नाही. रस्त्यापासून लांब, दोन्ही बाजूंना कडे असलेल्या दरीत स्की घेऊन शिरायचं तर लोक जे विचारतात ते आहे, आणि विचारायला हवं पण कोणी विचारत नाही असंही थोडं आहे.

स्की टूरिंगमध्ये नेमकं करतात काय?

लिफ्ट नसते म्हणून स्वतःच्या पायांनी चढतात, एवढंच. स्कीच्या तळाला स्किन्स (केसाळ कापडी पट्ट्या) चिकटवायच्या, त्यांचे केस मागच्या बाजूला झुकलेले असतात त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला अडकवतो तो भाग) टाच मोकळी राहते, चढ तीव्र झाला की टाचेखालचा रायझर, म्हणजे टेकू, उभा करायचा. वर पोचलं की स्किन्स सोलून काढायच्या, टाच लॉक करायची, बूट आवळायचे आणि निघायचं खाली. आठ तासांच्या दिवसात खरं स्कीइंग तासभर झालं तरी खूप झालं, त्यामुळे ज्याला चढणं म्हणजे नुसती शिक्षा वाटते त्याने इकडे वळूच नये, खोटं कशाला बोला.

रिसॉर्टमध्येही डोंगर तोच आणि बर्फ तोच, मग एवढा बाऊ का?

कारण रिसॉर्टमध्ये तुम्ही उठायच्या आधीच सुरक्षा गस्तीची माणसं धोक्याच्या उतारांवर स्फोटकं टाकून सैल बर्फ पाडून आलेली असतात. बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या डोंगरात, ते काम कोणीच केलेलं नसतं. तो उतार मोसमभर जसा साठत आलाय तसाच उभा असतो आणि त्याच्यावर पहिलं वजन तुमचं पडतं. माणसं सापडतात त्या हिमस्खलनांपैकी साधारण ९० टक्के त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कोणीतरी सुरू केलेली असतात. हे वाचून घाबरायला होतं, पण मला यात दिलासाही दिसतो, कारण आपणच सुरू करत असू तर सुरू न करणंही बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.

दरीत वेगळं काय? उघड्या डोंगरावर पण तोच धोका ना?

नाही, आणि हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा लांबण लावतो.

उघड्या रुंद उतारावर बर्फ सुटला तर तो खाली येऊन पसरतो, पातळ होतो. अरुंद दरीत पसरायला जागाच नाही. वरचं अख्खं पाणलोट क्षेत्र, त्यातल्या पाच-सहा घळी, सगळं नरसाळ्यासारखं एकाच तळात उतरतं आणि तिथे ढीग होतो. जो स्लाइड (हिमस्खलन) उघड्या उतारावर तुम्हाला कमरेपर्यंत गाडेल तोच दरीच्या तळात दोन-तीन मीटर खोल गाडू शकतो, म्हणून अशा जागेला टेरेन ट्रॅप म्हणतात. दुसरं म्हणजे ज्या उतारावरून बर्फ येणार तो खालून दिसतच नाही, कड्याच्या मागे असतो. तुम्ही सावलीत मस्त गारव्यात चालताय आणि सहाशे मीटर वर उन्हाची भिंत दोन तास तापतेय, हे खाली कळत नाही.

आणि भिंती दोन असतात. कॅनडातल्या रॉजर्स पासमध्ये ४ मार्च १९१० च्या रात्री हेच झालं. एका बाजूच्या डोंगरावरून आलेल्या स्लाइडनं रेल्वेचा रूळ बंद झाला होता, माणसं तो साफ करत होती, आणि समोरच्या डोंगरावरून दुसरा आला. ५८ माणसं गेली. शेवटी रेल्वेनं बोगदा खणला, तो १९१६ मध्ये सुरू झाला आणि वरचा रूळ सोडून दिला. ज्या बाजूनं एकदा येऊन गेलं तिकडेच सगळे बघत बसतात, पाठीमागची भिंत विसरली जाते, हे आजही होतं.

तिसरं, आत जायची वाट आणि बाहेर यायची वाट बहुतेक वेळा एकच. सकाळी सातला गोठलेल्या भिंतींखालून गेलात तरी दुपारी तीनला त्याच भिंतींखालून परत यायचंय, आणि तोवर त्या भिंती सकाळच्या राहिलेल्या नसतात.

मी तर सपाट तळातून चालणार, तीव्र उतारावर पायच ठेवणार नाही. मग?

मग अर्धाच धोका टळला. स्लॅब प्रकारची हिमस्खलनं, म्हणजे बर्फाचा घट्ट थर लादीसारखा सुटतो ती, बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, सगळ्यात जास्त ३८ च्या आसपास. पण सुटतात तिथे, थांबतात कुठे ते वेगळं. कमकुवत थर लांबपर्यंत पसरलेला असेल तर तळातून चालताना पायाखाली थर कोसळतो आणि ती फट वर पळत जाऊन वरचा उतार सोडवते, त्याला रिमोट ट्रिगर म्हणतात. तुम्ही सपाटीवर आणि उतार तुमच्या डोक्यावर.

एक सोपी पद्धत सांगतो. उभे आहात तिथून वरच्या ज्या जागेवरून बर्फ सुटू शकतो तिकडे नजर लावा आणि त्या रेषेचा कोन मोजा. तो कोन १८-२० अंशांपेक्षा कमी असेल तर स्लाइड तुमच्यापर्यंत पोचणं फार दुर्मिळ. २५ च्या वर गेला तर तुम्ही त्याच्या तोंडातच आहात असं धरून चाला. अरुंद दरीत हा कोन तीस-पस्तीस सहज भरतो, आणि मग कळतं की आरामात बसून डबा उघडायला तिथे जागाच नाहीये.

उताराचा कोन मोजायचा कसा? अंदाजानं नाही का जमत?

अंदाज चुकतो, अनुभवी लोकांचाही, आणि दमल्यावर जास्तच. छोटा क्लिनोमीटर मिळतो, फोनमध्ये पण असतो, स्कीचे दोन पोल (हातातल्या काठ्या) वापरूनही मोजता येतो. घरी नकाशावर उताराच्या रंगांचा थर लावून बघा, पण एक लक्षात ठेवा, नकाशा दहा-वीस मीटरच्या तुकड्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे मध्येच असलेला चाळीस अंशांचा आखूड टप्पा नकाशावर बत्तीसचा दिसतो.

अॅव्हलांच बुलेटिन (हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक) ३ दाखवतंय. पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, बरोबर?

इथेच गफलत होते. स्केल पाच पायऱ्यांचा आहे, पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, प्रत्येक पायरीवर धोका झपाट्यानं वाढतो. मध्यम ही दुसरी पायरी. तिसरी म्हणजे माणसाच्या वजनानं स्लाइड सुटण्याची चांगलीच शक्यता, आणि सगळ्यात जास्त माणसं याच पायरीवर मरतात, कारण चार आणि पाचला लोक घरी बसतात आणि तीनला “बघू जाऊन” म्हणून निघतात. माझं मत विचाराल तर लेव्हल ३ ला अरुंद दरी नको, कमी कोनाचं मोकळं झाडीचं रान शोधा, दिवस तिथेही छान जातो.

आकड्यापेक्षा खालचा मजकूर वाचा. समस्या कोणती आहे, कोणत्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीवर, हे त्यात असतं. वाऱ्यानं साठलेला स्लॅब असेल तर तो धारेच्या मागे, वारा न लागणाऱ्या बाजूला असतो आणि दोन-तीन दिवसांत बहुधा निवळतो. खोलवरचा जुना कमकुवत थर असेल तर ती डोकेदुखी आठवडेच्या आठवडे जात नाही, वर स्कीचे दहा ट्रॅक पडलेले असले तरी अकराव्याला सुटतो.

आणि बुलेटिन अख्ख्या पर्वतभागासाठी असतं, तुमच्या दरीसाठी नाही. काही दुर्गम भागांसाठी तर ते निघतच नाही, तिथे सगळी जबाबदारी तुमच्या डोळ्यांवर.

डोळ्यांनी काय बघायचं?

ताजी स्लाइड कुठे दिसतेय का, हे पहिलं. सारख्याच दिशेचा, सारख्याच उंचीचा उतार सुटलाय म्हणजे तुमचाही सुटू शकतो, याहून स्पष्ट डोंगर काही सांगत नाही. दुसरं, पाय ठेवल्यावर “वुम्फ” असा दबका आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसतो, तो आतला थर कोसळल्याचा आवाज. एकदा ऐकला की विसरत नाही, पोटात गोळाच येतो. तिसरं, स्कीच्या टोकापासून पुढे सरसर पळणाऱ्या भेगा. चौथं, नुकताच पडलेला भरपूर बर्फ किंवा पाऊस, किंवा धारेवरून धुरासारखा उडत येणारा बर्फ, कारण आकाश निळं असलं तरी वारा उतारावर वजन टाकत असतो. पाचवं, तापमान अचानक चढणं. यातलं एक जरी दिसलं तरी आजचा बेत बदलायचा, दुसऱ्याची वाट बघत बसायचं नाही.

कमकुवत थर म्हणजे काय असतं प्रत्यक्षात?

थंडीच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, जमीन शून्याच्या आसपास आणि वर हवा उणे पंधरा-वीस. एवढ्याशा जाडीत तापमानाचा इतका फरक पडला की आतली वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण कोनदार, सुटे होत जातात. साधारण दर १० सेंटीमीटरला १ अंशापेक्षा जास्त फरक असेल तर ही क्रिया चालू होते. असा बर्फ मुठीत घेऊन दाबला तर गोळाच होत नाही, बोटांमधून सरळ गळून जातो. त्याच्यावर पुढे मीटरभर घट्ट बर्फ बसला की झाली तयारी.

दुसरा प्रकार म्हणजे निरभ्र शांत रात्री वरच्या पृष्ठभागावर वाढणारे चकचकीत पातळ स्फटिक. सकाळी उन्हात इतके सुंदर दिसतात की सगळे फोटो काढत सुटतात. उघडे असताना निरुपद्रवी, पण त्यांच्यावर नवीन बर्फ पडून ते गाडले गेले की सगळ्यात वाईट थरांपैकी एक. दरीच्या तळात थंड हवा साचते, त्यामुळे हे तिथे आणि खालच्या मोकळ्या पट्ट्यांत जास्त मिळतात.

बर्फात खड्डा खणून थरांची टेस्ट केली, ठीक आली, मग जायला हरकत नाही ना?

उलट समजून घ्या. टेस्ट वाईट आली तर जायचं नाही, हे बरोबर. टेस्ट चांगली आली म्हणून जायचं, हे नाही. एक्स्टेंडेड कॉलम टेस्टमध्ये ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल खांब कापतात आणि फावड्यावर मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा असे ठोके देतात, भेग आडवी पूर्ण पळाली तर ते वाईट लक्षण. चांगलीच टेस्ट आहे, शिका. पण ती त्या खड्ड्याची आहे, वीस मीटर पलीकडे बर्फाची जाडी अर्धी असू शकते आणि तिथेच तो थर पृष्ठभागाच्या जवळ येतो.

सामानात काय हवंच?

बीकन (सिग्नल पाठवणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी), फावडं. प्रत्येकाकडे, तिघांत एक असं नाही. बीकन सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी कोणतीही चालेल, पण तीन अँटेनांचा डिजिटल घ्या आणि कोणाच्या तरी माळ्यावरचा जुना नको. रेंज ४० ते ७० मीटरच्या आसपास. प्रोब किमान २४० सेंटीमीटर, दरीसाठी मी ३ मीटरचा घेईन. फावडं धातूचं, प्लॅस्टिकचं पातं स्लाइडच्या बर्फात वाकतं किंवा तुटतं, कारण तो बर्फ थांबता थांबता इतका घट्ट बसतो की हातानं उकरताच येत नाही.

त्याशिवाय दुरुस्तीचं सामान, प्रथमोपचार, हेडलॅम्प, जास्तीचा उबदार जाकीट, रात्र काढायची हलकी बिव्ही (झोपायची पिशवी), आणि सॅटेलाइट कम्युनिकेटर (उपग्रहातून मेसेज पाठवणारं उपकरण). बॅगेत हे सगळं भरलं की वजन बघून लोक फावडं काढतात, ते सोडून काहीही काढा.

फोन आणि बीकन एकाच खिशात चालतील?

अजिबात नाही. बीकन पाठवत असताना फोन, रेडिओ, कॅमेरा, तापणारे हातमोजे हे सगळं किमान २० सेंटीमीटर लांब, आणि शोधताना ५० सेंटीमीटर. बीकन छातीशी पट्ट्यानं बांधलेला असतो, म्हणून फोन मांडीच्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेनं बॅटरीही टिकते. जाकिटाच्या चुंबकाच्या बटनांवर पण लक्ष ठेवा. आणि निघताना रोज तपासणी, एकानं पुढे जाऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी एकेक करून समोरून जायचं, प्रत्येकाचा पाठवतोय आणि शोधतोय दोन्ही बघायचं. दोन मिनिटं लागतात.

कोणी गाडलं गेलं तर मदत बोलवायची की शोधायचं?

शोधायचं. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहाएक मिनिटांत ९० टक्क्यांच्या आसपास असते, मग कडा कोसळावा तशी खाली येते, ३५ मिनिटांना साधारण ३० टक्के. दुर्गम दरीत हेलिकॉप्टर या वेळात येणं अशक्य. चार-पाच जण असाल तर एकानं मेसेज पाठवावा, बाकी सगळे कामाला, दोघंच असाल तर आधी शोध.

शोधायच्या आधी एकदा दोन्ही भिंतींकडे बघा, वर अजून लटकलेलं आहे का. मग सगळ्यांचे बीकन शोध मोडवर, कोणाचाही पाठवत राहिला तर तुम्ही त्यालाच शोधत बसता. शेवटचा कुठे दिसला तिथून खाली, वर काही वस्तू पडलीय का बघत जायचं. आकडा कमी होत गेला की वेग कमी करायचा आणि शेवटच्या तीन मीटरमध्ये बीकन अगदी बर्फाला टेकवून. सगळ्यात कमी आकड्यापासून गोल गोल बाहेर, २५-२५ सेंटीमीटरवर प्रोब, तो बर्फाला काटकोनात. लागला की प्रोब तिथेच राहू द्यायचा, काढायचा नाही.

आणि खणणं. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि याचा सराव कोणीच करत नाही. प्रोबवरून सरळ खाली विहीर खणायची नाही, माणूस जितका खोल त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जाऊन तिथून आत शिरायचं, एक पुढे तोडतोय आणि मागचे बर्फ मागे ढकलतायत, दर मिनिटाला पुढचा बदलायचा. मीटरभर खोल माणूस काढायला टनभर बर्फ हलवावा लागतो. चेहरा आणि छाती मोकळी झाली की श्वास बघा, बाकीचं नंतर.

एअरबॅग (हँडल ओढलं की फुगणारी पाठीवरची पिशवी) घेतली की सुटलो?

मदत होते, सुटत नाही. २०१४ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात गंभीरपणे सापडलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण एअरबॅग न फुगलेल्यांत २२ टक्के आणि फुगलेल्यांत ११ टक्के निघालं, आणि पाचातल्या एका वेळी ती फुगलीच नाही, बहुतेकदा हँडलच ओढलं गेलं नाही म्हणून. फुगलेली पिशवी वाहत्या बर्फात माणसाला वर ठेवते, पण त्यासाठी बर्फ वाहत राहायला हवा. दरीच्या तळात तुम्ही आधीच थांबलेले आणि वरून अजून येतंय, अशा वेळी तिचा उपयोग कमी. झाडांवर, खडकांवर आपटण्यापासूनही ती फारसं वाचवत नाही, आणि कॅनडातल्या नोंदींत जवळपास पावभाग मृत्यू अशा मारानंच झालेले आहेत.

किती जणांनी जावं?

तीन किंवा चार. दोघं असले तर एक गाडला गेल्यावर खणायला एकच उरतो. सहा-सातच्या वर गेलं की बोलणंच बंद होतं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं विचार केला असेल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासच्या मागे टनेल क्रीक म्हणून भाग आहे, तिथे १९ फेब्रुवारी २०१२ ला १६ जणांचा ग्रुप उतरायला गेला होता, त्यातले बरेच जण एकाहून एक अनुभवी. स्लाइड सुटला, घळीतून सुमारे ९०० मीटर खाली गेला आणि तिघं गेले. एवढ्या जाणत्या माणसांमध्ये शंका आलेली माणसं पण होती, पण मोठ्या ग्रुपमध्ये हात वर करून “मला हे पटत नाही” म्हणणं जड जातं. म्हणून साधा नियम ठेवा, एकानं नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही.

एकटं जाण्याबद्दल विचाराल तर बीकन घालून एकटं जाण्यात काय अर्थ आहे ते तुम्हीच सांगा.

किती वेळ लागेल ते आधी कसं काढायचं?

स्विस गाइड वेर्नर मुंटरची पद्धत बरी पडते. एक किलोमीटर आडवं म्हणजे एक युनिट, शंभर मीटर उंची म्हणजे एक युनिट, चढताना तासाला चार युनिट. समजा ६ किलोमीटर आत आणि १००० मीटर चढ, म्हणजे ६ अधिक १० मिळून १६ युनिट, चार तास. उतरताना स्कीवर तासाला दहा, म्हणजे दीड तासाच्या थोडं वर. त्यात थांबे, स्किन्स काढणं-लावणं, नवीन माणूस असेल तर अजून वेळ. खोल बर्फात वाट फोडायची असेल तर चार युनिट विसरा, अडीच-तीन धरा.

मग उलटं मोजा. वरच्या भिंतीवर ऊन कधी येतं ते बघा, त्याच्या आधी तो टप्पा ओलांडून बाहेर पडायचंय, त्यातून परत फिरायची वेळ काढा आणि ती वेळ गाडीतच ठरवा. वर पोचल्यावर ठरवायला गेलात तर माथा कायम “अजून वीसच मिनिटं” लांब असतो.

दरीतून चालताना वाट कशी निवडायची?

घळींच्या तोंडाशी थांबायचं नाही, पहिली गोष्ट. दोन घळींच्या मधली सोंड, जुनी जाड झाडं उभी असलेला उंचवटा, अशा जागा हेरायच्या आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर एकेकानं जायचं, बाकीच्यांनी नजर ठेवायची. झाडं बघा. उताराच्या चढाकडच्या बाजूच्या फांद्याच मोडलेल्या असतील, किंवा एखाद्या पट्ट्यात सगळी झाडं सारख्याच वयाची कोवळी असतील, तर तिथून स्लाइड येऊन गेलेला आहे.

ओढा असतोच. बर्फाखाली वाहतं पाणी, वर पूल, तो किती जाड ते वरून दिसत नाही. खोलगट, किंचित राखाडी झालेला भाग टाळा, प्रोबनं टोचून बघा, पार करताना पोलचे पट्टे मनगटातून काढा आणि बॅगेचा छातीचा-कमरेचा पट्टा सोडा. पाय ओला झाला तर टूर तिथेच संपला असं समजा, उणे पंधरात ओला बूट घेऊन सहा किलोमीटर ही गंमत नाही.

झाडीत तरी सुरक्षित का?

झाडं इतकी दाट असतील की मधून स्की करायला त्रास होतो, तर बऱ्यापैकी. मजेत वळणं घेता येतील इतकी विरळ असतील तर बर्फ धरून ठेवायला ती पुरत नाहीत. शिवाय मोठ्या सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळी राहते, तिच्यात डोकं खाली जाऊन पडलेला माणूस स्वतःहून निघत नाही आणि गुदमरतो. जोडीनं उतरा, एकमेकांच्या नजरेत.

तिथे सिग्नल येतो?

मोबाइलचा नाही असंच धरा. सॅटेलाइट उपकरणाला मोकळं आकाश लागतं आणि अरुंद दरीत आकाशाची पट्टीच दिसते, त्यामुळे मेसेज जायला मिनिटंच्या मिनिटं लागतात. ते आधीच माहीत असू द्या, उपकरण घेऊन मध्यभागी मोकळ्यावर जा, कड्याला चिकटून उभे राहू नका. रेडिओ वळणापलीकडे पोचत नाही. घरी कोणाकडे तरी लेखी ठेवा, कुठून शिरणार, कुठून निघणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कोणाला कळवायचं.

परवानगी लागते का?

जागेप्रमाणे. रॉजर्स पासमध्ये आज महामार्ग सुरक्षित ठेवायला लष्कराच्या तोफा वरच्या उतारांवर गोळे टाकतात, त्यामुळे हिवाळ्यात तिथे परमिट पद्धत आहे आणि कोणता भाग आज उघडा, कोणता बंद हे रोज सकाळी जाहीर होतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या लिटल कॉटनवुड कॅनियनमध्येही हिमस्खलन नियंत्रण चालू असताना रस्ता आणि आजूबाजूचा भाग बंद करतात. बंद म्हणजे बंद, समोर निळं आकाश असलं तरी.

कपडे, पाणी, खाणं?

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, गाडीपाशी उबदार वाटत असेल तर पंधरा मिनिटांत घामानं भिजाल आणि थांबल्यावर तोच घाम गोठवेल. अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक, सुती काहीही नको. पाण्याची नळी गोठते, त्यापेक्षा रुंद तोंडाची बाटली, तीही उलटी ठेवा म्हणजे आधी बूड गोठतं. खाणं असं घ्या की हातमोजे घालून आणि गोठलेलं असतानाही चावता येईल.

स्किन्स निघून येतात, काय करू?

गोंदावर बर्फ गेला की हे होतं. सोलल्यावर लगेच घडी घालून जाकिटाच्या आत पोटाशी ठेवा, बॅगेत नाही. परत लावायच्या आधी स्कीचा तळ बाहीनं पूर्ण पुसा. तरीही नाही चिकटली तर पट्ट्यानं किंवा टेपनं आवळा, म्हणून दोन-तीन रबरी पट्टे कायम बरोबर हवेत, त्यांनी मोडका पोल, सुटलेलं बकल, सगळंच निभावतं. खाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटत असतील तर स्किनला मेण घासा. मोहेअर (शेळीच्या लोकरीची स्किन) जास्त घसरते, नायलॉन जास्त धरते आणि टिकते, मिक्स घ्या आणि विषय संपवा.

वसंतात जास्त सुरक्षित असतं म्हणतात?

अंदाज बांधायला सोपं असतं असं म्हणा. रात्री कडक गोठतं, सकाळी वरचे दोन-तीन सेंटीमीटर मऊ होतात, तेव्हा उतरायचं, ते स्कीइंग म्हणजे निव्वळ सुख. पण रात्री ढग राहिले आणि गोठलंच नाही तर तो दिवस सोडा. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, भिंतीवरून छोटे गोळे घरंगळायला लागले, की उशीर झालाय. पूर्वेकडच्या भिंतीला ऊन आधी लागतं असं म्हणताना थांबा, दरीच्या पूर्वेची भिंत पश्चिमेकडे तोंड करून असते, ती दुपारी तापते. सकाळी तापते ती पश्चिमेची. नकाशावर हे एकदा बोट ठेवून बघा.

कोर्स करावाच लागतो का? व्हिडिओ भरपूर आहेत.

करा. पहिल्या पायरीचा कोर्स साधारण तीन दिवसांचा असतो आणि त्यातला मोठा भाग बर्फावर जातो. व्हिडिओत बीकनचा आकडा दिसतो, पण थंडीनं बधिर बोटांनी, कोणीतरी ओरडत असताना तो आकडा वाचणं व्हिडिओत येत नाही. त्यानंतरही पहिली दरी गाइडबरोबर किंवा तुमच्यापेक्षा जास्त वेळा माघारी फिरलेल्या माणसाबरोबर.

कुत्रा न्यावा का?

नाही. स्कीची कड धारदार असते आणि उतरताना कुत्रा पायाशी पळतो, त्याच्या पायाच्या शिरा कापल्या जातात. वरून काही लोक त्याला माणसांचाच बीकन बांधतात, हे तर करूच नका, शोधणाऱ्याला सिग्नल कोणाचा ते कळत नाही आणि तुम्ही खाली असताना तो आधी कुत्र्याला खणून काढेल.